नोटीसच पोचत नाही, तर निकाल कुठून लागणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर ठरलेली बातमी येते. दीपप्रज्वलनाचा फोटो, इतकी प्रकरणं निकाली, इतक्या कोटींची तडजोड. मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कारण माझी सगळी नोकरी कोर्टात गेली. लोकअदालतीला माझा विरोध नाही. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि बांधावरून एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ तिथं सही करून एकाच गाडीवर घरी गेलेले मी पाहिलेत. पण त्या मोठ्या आकड्यात ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी, वीजबिलाची थकबाकी, बँकेची कर्जखाती, वाहतुकीची चलनं किती आणि कोर्टाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले दावे किती, हे वेगवेगळं छापा की. पाणीपट्टी वसूल झाली, चांगलंच झालं. दिवाणीचं कपाट त्यानं रिकामं होत नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत बेलीफ होतो. ज्यांना कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो: समन्स, नोटीस, जप्तीचं वॉरंट घेऊन गावोगाव जातो तो बेलीफ. गावात आमचं स्वागत कसं होतं ते विचारू नका. कुत्रं आधी भुंकतं, मग माणूस.

खटले का तुंबतात यावर वर्तमानपत्रात लिहिणारे बहुधा वकील असतात, नाहीतर निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीश कमी आहेत असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगानं 1987 सालीच लिहून ठेवलं. आज मंजूर पदं धरली तरी आकडा विशीच्या आसपास घुटमळतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत 50 लाखांच्या वर प्रकरणं पडून आहेत, हे आता कोणालाही मोबाइलवर पाहता येतं. पण उद्या आमच्या तालुक्याला दोन न्यायाधीश जादा दिले, आणि त्यांच्यापुढं येणाऱ्या फायलीवर ‘नोटीस बजावणीविना परत’ असाच शेरा असला, तर ते बिचारे पुढची तारीख देण्यापलीकडं काय करणार?

कायद्यात मुदती घातल्यात, त्या जरा बारकाईनं बघा. प्रतिवादीनं कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. हे दिवस मोजायचे कधीपासून? समन्स बजावल्यापासून. पोटगीच्या प्रकरणात अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं जुन्या फौजदारी संहितेत होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही आहे. हे 60 दिवसही नोटीस बजावल्यापासूनचेच. म्हणजे दिल्लीत बसून घातलेली मुदत चालू होते ती आमच्या हातातला कागद समोरच्याच्या हातात पडल्यावर. तो पडलाच नाही, तर घड्याळ बंदच. मग त्या बंद घड्याळाकडं बघत वर्ष गेलं तरी कागदोपत्री उशीर कोणाचाच नाही.

एका पोटगीच्या नोटिसीचं सांगतो. बाई माहेरी, कडेवर लहान लेकरू. नवरा डोंगराकडच्या तांड्यावरचा. दिवाळी उलटून गेलेली. तांड्यावर निम्म्या घरांना कुलपं, आणि ज्याचं घर हवं होतं त्याच्या दाराला कुलपाच्या खाली बाभळीची काटेरी फांदी आडवी लावलेली, शेळ्या दाराशी येऊ नयेत म्हणून. शेजारच्या खोलीत त्याची म्हातारी आई, चूल वेगळी. “ल्योक कारखान्याला गेला. पाडव्याला येईल.” कोणत्या कारखान्याला? “मुकादमाला ठावं.” मुकादम कुठंय? तोही ऊसतोडीची टोळी घेऊन गेलेला.

आता नियमानं, माणूस लवकर सापडण्यासारखा नसेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाला समन्स देता येतं. दिवाणीत बाईमाणसाच्या हाती दिलेलं 1976 पासून चालतं. फौजदारीत मात्र 2024 च्या जूनअखेरपर्यंत कायद्याला घरातला ‘प्रौढ पुरुष’च लागायचा. ज्या तांड्यावर सहा महिने म्हाताऱ्या आणि लेकरंच राहतात, तिथं प्रौढ पुरुष कुठून आणायचा? आणि इथं तर चूलही वेगळी. म्हातारीला कागद दिला असता तर पुढं नवऱ्याच्या वकिलानं पहिला आक्षेप तोच घेतला असता.

तेव्हा आमच्या हातात एनस्टेपचं, म्हणजे नोटीस बजावणीची नोंद ठेवणारं, ॲप आलेलं होतं. जागेवर जाऊन फोटो काढायचा, ठिकाण आपोआप नोंदलं जातं. बेलीफ घरी बसून अहवाल लिहितो हा जुना आरोप त्यानं बऱ्यापैकी पुसला गेला, एवढं त्या ॲपचं मी मानतो. पण तांड्यावर रेंज नाही. कुलपाचा फोटो काढून मी पाझर तलावाच्या भरावावर चढलो, तिथं दोन काड्या दिसल्या तेव्हा नोंद गेली. पुढच्या तारखेला बाई कोर्टात हजर. पुकारा झाला, नोटीस बजावणी नाही, पुढची तारीख. व्हरांड्यात तिनं मला गाठलं आणि म्हणाली, “दादा, त्यो पाडव्याला येतो म्हंता, मग मह्या लेकराला पाडव्यापर्यंत काय घालू?”

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर कायद्यात होतं. नवरा मुद्दाम नोटीस चुकवतोय याची कोर्टाची खात्री झाली तर एकतर्फी चालवता येतं. पण चुकवतोय की पोटासाठी गेलाय, हे ठरवायला कोर्टापुढं माझ्या दोन ओळींच्या अहवालाशिवाय काहीच नसतं.

मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात, हे राज्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोर्टाच्या तारखांना तेवढं माहीत नाही. टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतले की मे महिना, कोर्टाला उन्हाळी सुटी. सुटी संपते तर मृग, पेरणी. त्या दिवसांत शेतकरी माणूस कोर्टात येणं म्हणजे वर्षाची तूर-सोयाबीन सोडून येणं. उरले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. या तीन महिन्यांत तांड्यावर माणूस घरी सापडतो, वाट चिखलाची असली तरी. आणि नेमक्या या दिवसांत आमच्या पिशवीत नेहमीसारख्याच सगळ्या तालुक्याच्या नोटिसा, वेगळं काही ठरवलेलं नाही. ज्या गावांतून टोळ्या जातात त्या गावांची बजावणी दसऱ्याच्या आत उरकायची, एवढं साधं वेळापत्रक कोणी केलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

पोटगीला मात्र दसऱ्याची वाट बघता येत नाही. तिथं नवरा ज्या कारखान्यावर आहे तिथल्या कोर्टाकडं नोटीस पाठवून बजावणी करून घेता येते, आणि एनस्टेपवरून ती एका कोर्टाकडून दुसऱ्याकडं मिनिटात जाते. अडतं कुठं? अर्ज लिहिताना कारखान्याचं, मुकादमाचं नाव कोणी विचारतच नाही. पत्त्याच्या रकान्यात ‘रा. अमुक तांडा, ता. तमुक’ एवढंच. बायकोला पुष्कळदा माहीत असतं हो. तिनं स्वतः त्या फडात कोयता चालवलेला असतो. अर्जाच्या नमुन्यात ‘हंगामात कामाचं ठिकाण, मुकादमाचं नाव व मोबाइल’ असा एक रकाना घालायला काय लागतं? ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्रासाठी ग्रामपंचायतीत नोंदणी होते, तीही कोर्टानं मागवली तर मिळेल. शेवटचा उपाय म्हणून वर्तमानपत्रात जाहीर समन्स छापतात. संपादक महाराज, राग मानू नका, पण त्या जाहिरातीचे पैसे वादीच्या खिशातून जातात आणि उसाच्या फडात आपला पेपर येत नाही.

आता नोटिसीच्या कागदाकडं या. मी आयुष्यभर जो कागद वाटला तो वाचून कळेल असा नव्हता. छापील मजकूर जुन्या कायद्याच्या भाषेतला, गाळलेल्या जागा पेनानं भरलेल्या, तारीख कधी 1 आहे की 7 तेही कळत नाही. माणूस कागद हातात धरून एकच विचारतो, “साहेब, अटक व्हईल का?” दिवाणी दाव्याचं समन्स असतं, अटकेचा प्रश्नच नाही, पण भीतीनं तो सही करत नाही, घराच्या मागच्या दारानं जातो. मग दारावर डकवा, पंचाची सही घ्या, पुढचं सगळं. माझी सूचना अशी की प्रत्येक नोटिसीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात, गावच्या माणसाला कळेल अशा मराठीत चार गोष्टी छापाव्यात. हा कागद कशाचा आहे. कधी, किती वाजता, कोणत्या खोलीत यायचं. नाही आलात तर काय होईल. आणि वकील परवडत नसेल तर कुठं जायचं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याखाली अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कोठडीतला आरोपी, कारखान्यातला कामगार यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाईला आणि लेकराला मिळतो, उत्पन्न किती का असेना. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलं तर. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्याच आवारात असते, तालुक्यातले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात, 15100 हा मोफत फोन नंबर आहे. याची शिबिरं होतात, शाळेत भाषणं होतात, सरपंचाचा सत्कार होतो. पण ज्या दिवशी माणसाला वकिलाची गरज लागते तो दिवस शिबिराचा नसतो, नोटीस हातात पडते तो असतो. आणि त्या दिवशी त्याच्या दारात उभा असतो बेलीफ. शिबिराला न येणाऱ्या घरातसुद्धा बेलीफ जातोच. तो निरोप त्याच कागदावर गेला तर वेगळा खर्चही नाही. पोटगीचा अर्ज करायला बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तारखांच्या चकरांवर फार लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय. कायद्यात सुनावणीच्या टप्प्यावर एका पक्षाला तीनच तहकुबी देता येतात, 2002 पासून. मोजतं कोण? पण एक गोष्ट विनाखर्च सुधारण्यासारखी आहे. न्यायाधीश रजेवर आहेत, प्रशिक्षणाला गेलेत, मोजणीचा अहवाल आलेला नाही, साक्षीदाराचं समन्स परत आलंय, हे आदल्या दिवशी संध्याकाळी कोर्टात पुष्कळदा माहीत असतं. पक्षकाराला मात्र ते साडेअकराला पुकारा झाल्यावर कळतं. पहाटेची मुक्कामी गाडी पकडून, मजुरी बुडवून आल्यावर. एसटीत बायांना 2023 पासून अर्धं तिकीट झालं. चकरा पूर्णच राहिल्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, टप्पाही दिसतो, पण माणसानं त्या तारखेला येण्यात काही मतलब आहे का, त्याच्या बाजूनं काय भरायचं राहिलंय, बेलिफाचा भत्ता की नवा पत्ता, ते त्यात नाही. आदल्या संध्याकाळी एक मराठी मेसेज, ‘उद्या तुमचं काम चालणार नाही, पुढची तारीख अमुक’, एवढं होऊ शकतं. बँक पाच रुपये कापले तरी मेसेज पाठवते.

निकाल लागल्यावरचंही थोडं सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं हुकूमनामा झाला म्हणजे सुटलो. शेतजमिनीच्या वाटणीचा हुकूमनामा झाला की दिवाणी संहितेच्या कलम 54 प्रमाणं तो प्रत्यक्ष वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. तिथून तहसील, तहसिलातून भूमी अभिलेख, मग मोजणी, मग सगळ्या हिस्सेदारांना पुन्हा नोटिसा. हो, पुन्हा नोटिसा. तोवर एखादा हिस्सेदार वारतो, त्याचे वारस रेकॉर्डवर घ्या, त्यातली एक लेक पुण्याला, एक नातू सुरतेला. कोर्ट म्हणतं आमचं काम झालं, तहसील म्हणतं कोर्टाचं प्रकरण आहे. फाइल दोन्हीकडच्या यादीत ‘निकाली’. वडिलांनी लावलेल्या दाव्याचा ताबा नातवाला मिळताना मी उभा होतो. मोजणीदार खुणा घालत होता आणि नातू मला विचारत होता की यातली विहीर नेमकी कुणाकडं गेली. हेच मावेजाचं, म्हणजे जमिनीच्या भरपाईचं. तलावात जमीन गेली, कोर्टानं वाढीव मावेजा दिला, रक्कम येत नाही, मग दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या खुर्चीची जप्ती. खुर्ची उचलल्याचे फोटो आपण छापता. ती उचलणारा हात बेलिफाचा असतो आणि त्याला त्यात काडीचा आनंद नसतो, दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत त्याचं काम असतं.

जाता जाता एक. आमच्याकडं 1948 पर्यंत निजामाचं राज्य, 1956 पर्यंत कारभार हैदराबादचा. त्यामुळं जमिनीच्या दाव्यात मुंतखब (निजामाच्या काळातला इनामाचा कागद), जुनी खरेदीखतं निघतात ती उर्दूत, काही मोडीत. कोर्टात ती वाचायला माणूस नसतो. पक्षकार एखाद्या निवृत्त उर्दू मास्तरला शोधत फिरतो, तोवर तारखा. माणूस नाही हे मला पटत नाही. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या न्या. शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात मोडी आणि उर्दू वाचणारे सापडले, कागद स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चढले. तीच माणसं, त्यांची यादी, जिल्हा न्यायालयाकडं द्या. वाचनाची फी ठरवून द्या.

हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठासाठी मराठवाडा किती भांडला ते माझ्या पिढीला माहीत आहे. 27 ऑगस्ट 1981 ला ते सुरू झालं, मुंबईची वारी वाचली. परवा 2025 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकरांनाही त्यांचं सर्किट बेंच मिळालं, त्यांचं अभिनंदन. वकील मंडळींनी मोर्चे काढले, म्हणून ते झालं. पण तालुका कोर्टाच्या नाझर विभागासाठी, म्हणजे जिथून बेलिफांना नोटिसा वाटल्या जातात त्यासाठी, मोर्चा काढलेला मी ऐकला नाही. बेलिफाची जागा रिकामी राहिली तर बातमी होत नाही. त्याची गावं दुसऱ्याच्या पिशवीत टाकतात, आणि दुसरा लांबचं गाव शेवटी ठेवतो. ते लांबचं गाव बहुधा तांडाच असतो.

माझी मागणी मोठी नाही. पालक न्यायमूर्ती, म्हणजे जिल्ह्यावर देखरेख ठेवणारे हायकोर्टाचे न्यायमूर्ती, जिल्ह्याला भेट देतात तेव्हा न्यायाधीशांनी किती प्रकरणं निकाली काढली ते विचारतात. त्यांनी त्याच बैठकीत बजावणीचं रजिस्टरही मागवावं: किती नोटिसा निघाल्या, किती परत आल्या, कुठल्या गावाहून आणि काय शेऱ्यानं. ऊसतोडीच्या गावांची बजावणी जुलै ते सप्टेंबर, अर्जात हंगामी पत्त्याचा रकाना, नोटिसीच्या पाठीवर मराठी मजकूर आणि आदल्या संध्याकाळचा मेसेज. नवा कायदा यातल्या एकाही गोष्टीला लागत नाही. वरच्या कोर्टानं मान हलवली तर प्रधान जिल्हा न्यायाधीशांचं एक परिपत्रक पुरतं, आणि ते यंदाच्या टोळ्या निघायच्या आत काढता येईल.

आपला,
एक निवृत्त बेलीफ, परभणी जिल्हा
(गावातच राहायचं आहे, नाव छापू नये ही विनंती.)